हंबीरराव चौगल्यांचा पाचवा खेटा

हंबीरराव चौगले देवाला निघाले की देवाच्याच घरी पावणा येतोय असं वाटावं, असा त्यांचा थाट असे. अंगात पांढरा नेहरू शर्ट, खांद्यावर जरीकाठी उपरणं, कपाळावर घरनंच लावून निघालेलं बोटभर अष्टगंध. आवाज असा, की राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत ते 'चांगभलं' म्हणाले तर तेराव्या गल्लीतली कुत्री उठून बसावीत. धंदा मंडप डेकोरेशनचा. कापडाचा डोलारा उभा करायचा, खांबांना झिरमिळ्या लावायच्या, दोन दिवसांनी सगळं गुंडाळून ट्रकात टाकायचं. माणूस जन्मभर जे काम करतो तसाच होत जातो म्हणतात, ते हंबीररावांकडे बघून पटायचं. बाहेरनं झालर, आत बांबू.

देवाचं ते पुष्कळ करत, पण दिसेल तेवढंच. भजनी मंडळाला झांजा दिल्या त्यावर नाव कोरलं. गल्लीतल्या दत्ताला पितळी समई दिली, तर समईपेक्षा 'श्री. हंबीरराव द. चौगले यांजकडून' हेच आधी नजरेत भरायचं. घरातल्या देवांना मात्र त्यांनी कधी फुलाची पाकळी वाहिली नाही. तिथं बघायला कोण होतं?

तिथं त्यांची बायको होती, चिमणाबाई. शाहूवाडीकडची, भाताच्या चिखलात वाढलेली, बोलायला कमी. तीस वर्षं ती या मंडपाच्या मागच्या बाजूला राहात होती. मागची बाजू ज्यानं बघितली त्याला पुढच्या झालरीचं कौतुक उरत नाही. तिलाही उरलं नव्हतं. पण नवरा आहे, पदरात पडलं आणि पवित्र झालं, एवढ्यावर तिचं भागत आलं होतं. नवसाची गोष्ट घडेपर्यंत.

ती अशी घडली. मुलगी निशा लग्नानंतर सहा वर्षं मोकळ्या ओटीनं राहिली. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पाचव्या महिन्याच्या आत सगळं संपलं. तिसऱ्यांदा पोरगा झाला तोही दीड महिना आधी, ओंजळीत मावेल एवढा, आणि डॉक्टरांनी त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. दवाखान्याच्या जिन्यात निशाचे सासू-सासरे, जावई अतुल, गल्लीतली आठ-दहा माणसं उभी होती. एवढी माणसं जमलेली बघून हंबीररावांच्या अंगात आलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं, "पोरगं जगू दे. मी, हंबीरराव चौगले, जोतिबाचे पाचच्या पाच खेटे पंचगंगेपासनं पायी घालीन. अनवाणी. एक पाऊल गाडीत ठेवणार न्हाय."

आतनं नर्स धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, हळू. बाळं झोपल्यात."

बाळ जगलं. बारा दिवसांनी पेटीबाहेर आलं, महिन्याभरात बाळसं धरलं. आजोबांनी त्याचं नाव सम्राट ठेवलं, कारण त्याहून मोठं त्यांना सुचलं नाही.

चिमणाबाईच्या मनात मात्र जिन्यातले ते शब्द जसेच्या तसे राहिले. तिच्या माहेरी एक समजूत होती. देवाला बोललेलं फेडलं नाही, तर बोलणाऱ्याचं काही वाकडं होत नाही. ज्याच्यासाठी बोललं त्याच्या अंगावर येतं. म्हणजे तिचा नातू आजोबांच्या जिभेच्या टोकाला टांगलेला होता. आणि ती जीभ कशी आहे, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं?

खेटे येतात ते माघी पौर्णिमेनंतरच्या पाच रविवारी. पहाटे पंचगंगेत बुडी मारायची आणि ओल्या अंगानं, अनवाणी, वडणगे, निगवे, कुशिरे करत, गायमुखावरनं डोंगर चढून जोतिबाच्या पायाशी जायचं. चार-पाच तासांची वाट. एक रविवार झाला की एक खेटा. अंबाबाई स्वतः नाथाला, म्हणजे जोतिबाला, बोलवायला अशीच पायी गेली होती, असं जुनी माणसं सांगतात. तिनं काही वाटेत वाहन केलं नव्हतं.

दोन हजार पाच सालच्या पहिल्या खेट्याला हंबीरराव घाटावरनं वाजतगाजत निघाले. वडणग्यापर्यंत चालले. तिथं त्यांचा गुडघा धरला. जोतीराम एम-एटी दुचाकी घेऊन मागं येतच होता. हा जोतीराम त्यांचा जिगरी दोस्त. हंबीरराव जे बोलतील त्याला 'व्हय की' म्हणायचं, हे काम त्यानं चाळीस वर्षं बिनपगारी केलं होतं. त्याच्या मागं बसून हंबीरराव डोंगरावर गेले आणि जोतीराम म्हणाला, चाक फिरतंय ते जमिनीवरनंच की, म्हणजे पायीच.

दुसऱ्या रविवारी कुशिऱ्यापर्यंत ट्रॅक्स गाडीनं गेले. तिसऱ्या रविवारी गायमुखापर्यंत. चौथ्या रविवारी लग्नाचा मंडप होता म्हणून गाडी थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेली. पायऱ्या बी पायीच चढाय लागत्यात, असं वर सांगितलं. चालणं असं दर रविवारी आटत गेलं आणि गुलाल वाढत गेला. संध्याकाळी गल्लीत शिरताना हंबीरराव भुवयांपासून नखांपर्यंत गुलाबी असत. बाया दारात येऊन पाया पडत. गल्लीला पायाची धूळ कोण दाखवणार? गल्ली गुलालच बघते.

चिमणाबाई चारही रविवार चालली. गल्लीतल्या बायकांबरोबर, पूर्ण वाट, तोंडानं नाव घेत. दुसऱ्या खेट्याला तिनं देवळातल्या गुरवाला हळूच विचारलं होतं, मालकांचा नवस आहे, त्यांच्याऐवजी मी चालले तर देवाला पोचतं का. गुरव नारळ फोडत होता. तो म्हणाला, "अर्धांगी म्हणजे चालतंय की, मावशी." तेवढ्यानं तिला बरं वाटलं, पण डोंगर उतरता उतरता तेच बोलणं तिला टोचायला लागलं. अर्धांगी म्हणजे अर्धंच. ती कितीही चालली तरी नवसाची एक बाजू लुळीच राहणार. पाचवा खेटा तरी त्यांनी पायी घालावा, बसत-उठत का होईना, संध्याकाळ होऊ दे, पण घालावा, हे एवढंच ती आठवडाभर देवाजवळ मागत होती.

आणि त्याच आठवड्यात ते पार्क उपटलं.

पुण्याकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, वाठारच्या अलीकडं, उसाच्या रानात कुणीतरी 'ॲक्वा आनंद' नावाचा पाण्याचा बाग काढला होता. उद्घाटनाचा मंडप हंबीररावांचा होता. मालकानं खूश होऊन दहा माणसांचे फुकट पास दिले होते आणि त्यांची मुदत त्याच रविवारी संपत होती. हंबीररावांनी ते पास शर्टाच्या खिशात वरनं दिसतील असे ठेवले, आणि घरी येऊन बेत सांगितला. पहाटे पाचला ट्रॅक्स निघणार. थेट डोंगरावर. देवदर्शन, पोराला देवाच्या पायावर घालायचं, पाचवा खेटा खलास. तिथनं गिरोलीच्या बाजूनं उतरायचं, दहाच्या ठोक्याला पार्कात.

चिमणाबाई म्हणाली, तुम्ही सगळी पार्काला जावा, मी चालत देवाला जाते. त्यावर त्यांनी विचारलं, मग पोराला पायावर कोण घालणार, मी? आजीनं घालायचं असतं. ते खरं होतं. पहिल्या नातवाला आजीच्या हातनंच देवाच्या पायावर घालतात. तिनं मग शेवटचं विचारून बघितलं, की आपण दोघं लवकर, दोनला उठून चाललो तर सहा-सातला वर पोचतो, गाडी मागनं येऊ दे. हंबीररावांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "देवाला समजतंय, माणूस कामाचा हाय. तुलाच तेवढं समजत न्हाय."

देवाला समजतंय, हीच तर तिची भीती होती.

रविवारी पहाटे ती ट्रॅक्समध्ये बसली, पण पायताण घरीच काढून ठेवलं. गाडीत हंबीरराव, जोतीराम, त्याची बायको मीनाबाई, निशा, जावई, मांडीवर सम्राट, आणि मीनाबाईची तीन नातवंडं. ड्रायव्हर कृष्णात. वाटेत खेटेकऱ्यांची रांग लागली होती. म्हातारी माणसं, पोटुशा पोरी, डोक्यावर नैवेद्याची दुरडी घेतलेल्या बाया, सगळ्यांचे पाय धुळीनं भरलेले. हंबीरराव खिडकीतनं हात काढून त्यांना 'चांगभलं' म्हणत होते, निवडून आलेल्या उमेदवारासारखे. चिमणाबाईनं पदर पुढं ओढून घेतला.

देवळात पोराला देवाच्या पायावर घातलं. पोरगं हसलं. चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेवढ्यात डोक्यावर काहीतरी पडलं. हंबीररावांनी गुलालाची पिशवी फाडली होती. मूठ नाही, चिमूट नाही. ओंजळीच्या ओंजळी ते एकेकाच्या डोक्यावर ओतत होते. जावईबापू ठसकले. पोरं रडली. स्वतःच्या डोक्यावर तर त्यांनी जोतीरामाकडनं अख्खं सूप ओतून घेतलं. त्यावर अर्धा किलो गुलाल आणि खोबरं प्रसाद म्हणून कागदात बांधून घेतलं.

खाली उतरताना मीनाबाई म्हणाली, पाण्यात जायचं आहे तर नळावर डोकी धुऊन घेऊया का. हंबीररावांनी गाडी थांबवायला लावून तिला सुनावलं, देवाचा गुलाल नळाखाली धुतात व्हय? गुलाल घरापर्यंत न्यायचा असतोय. आणि पुन्हा लगेच म्हणाले, पार्कात पाणीच पाणी हाय की. दोन वाक्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं, पण जोतीराम म्हणाला, व्हय की.

'ॲक्वा आनंद'चा दरवाजा म्हणजे सिमेंटचा एक हत्ती होता, आणि माणसांनी त्याच्या पोटातनं आत जायचं होतं. हत्तीचे डोळे दोन दिशांना बघत होते. आत पत्र्याची नारळाची झाडं, प्लास्टिकचं गवत, कर्ण्यावर कानठळ्या बसवणारी गाणी. चार-पाच मैलांवर वारणामाई फुकट वाहतेय, इथं डांबरी रस्त्यालगत सिमेंटच्या टाक्यांत बसायला माणसं तालुक्या-तालुक्यांतनं आली होती. सगळ्यांना भाड्याचे नायलॉनचे कपडे घालणं सक्तीचं. जी माणसं जन्मात कधी भावकीसमोर बनियनवर आली नसतील, ती पाठीवर नंबर लावलेल्या चड्ड्यांत उघड्या पोटांनी हिंडत होती. मीनाबाईला एक जांभळा परकरासारखा अंगरखा मिळाला. ती आरशापुढं उभी राहिली, आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

हंबीररावांना निळी अर्धी चड्डी मिळाली, नंबर चव्वेचाळीस. थाट सगळा खुंटीला लटकला आणि उरलं ते नगाऱ्यासारखं पोट आणि काड्यांसारखे पाय. फक्त उपरणं त्यांनी सोडलं नाही. ते कमरेला करकचून बांधलं आणि त्यात प्रसादाची पुडी खोचली. कपाटात ठेवा म्हणून तिथला माणूस सांगत होता. पण त्या कपाटात लोकांची पायताणंही होती, आणि देवाचा प्रसाद पायताणाशेजारी कसा ठेवणार? हे मात्र चिमणाबाईलाही पटलं. पुडी आपल्याकडं मागावी असं तिच्या मनात आलं, पण तिच्या एका हातात पोरगं होतं, दुसऱ्यात त्याच्या दुधाची पिशवी, आणि तेवढ्यात ते निघूनही गेले.

पाण्यात उतरायच्या आधी फवाऱ्याखाली अंग धुवा, अशी पाटी होती. पाटी हंबीरराव स्वतः लिहून घेत असत, वाचत नसत. शिट्टीवाल्या माणसानं हटकलं तर त्याला म्हणाले, मालक आपला माणूस हाय, विचार जाऊन. आणि लाटांच्या हौदात उतरले. मागोमाग जोतीराम, मीनाबाई, पोरं. निशा आणि जावई कडेच्या पायरीवर पाय सोडून बसले. चिमणाबाई सम्राटला घेऊन पत्र्याच्या छत्रीखाली. फरशी तापली होती, तिचे तळवे भाजत होते. ती पाय आलटूनपालटून टेकवत होती आणि मनात मोजत होती, या वेळेपर्यंत आपण कुठं पोचलो असतो. कुशिरं. नाही, कुशिरं मागं पडलं असतं.

मग भोंगा वाजला आणि हौदात लाटा सुरू झाल्या. दोन-अडीचशे माणसं एकाच वेळी किंचाळत वरखाली व्हायला लागली. हंबीरराव मधोमध उभे होते, दोन्ही हात वर करून, जसे दवाखान्याच्या जिन्यात उभे होते तसे. पहिली लाट त्यांच्या डोक्यावरनं गेली. दही कालवलेल्या कोशिंबिरीत बिटाची फोड पडावी आणि बघता बघता सगळं दही रंगावं, तसं त्यांच्याभोवती पाणी रंगायला लागलं. दुसऱ्या लाटेला उपरणं सुटलं आणि अर्धा किलोची पुडी फुटली.

तिकडच्या टोकाला एका पोरानं पाणी बघितलं आणि ते ओरडलं, रक्त.

पुढं काय झालं ते सांगायला नको. एकच पळापळ. आया पोरांना बखोटीला धरून ओढत होत्या, कुणाचा चष्मा गेला, कुणाचा दात हलला. शिट्ट्या वाजल्या, लाटा बंद पडल्या. माणसं काठावर येऊन निथळत उभी राहिली तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की कुणाला काही लागलेलं नाही. पण सगळे गुलाबी झालेत. हौद तर असा दिसत होता, की शिमग्याचं पाणी सगळ्या गावानं एका टाकीत कालवून ठेवावं. वर खोबऱ्याचे तुकडे तरंगत होते.

पार्कचा मॅनेजर आला. तरुण, टाय लावलेला, घामाघूम. त्यानं खोबऱ्याचा एक तुकडा उचलून बघितला आणि विचारलं, जोतिबाहून कोण आलंय? गुलाल कुणाचा आहे? लोक चिडले होते. तिकिटं परत मागत होते. हौद रिकामा करून पुन्हा भरायचा तर अख्खा दिवस जाणार होता. मॅनेजर म्हणाला, ज्यांनी हे केलं त्यांना बाहेर काढतो आणि वर्तमानपत्रात नाव देतो.

नाव म्हटल्यावर हंबीररावांचा चेहरा पडला. तो एरवी खुलायचा.

"आमचा न्हाय," ते पुढं होऊन म्हणाले. "वाटेत पोरांनी शिमग्याचा रंग टाकला अंगावर. आमी कुठलं जोतिबाला जातोय? आमच्यात जोतिबाच न्हाय. आमचा देव तिकडं कर्नाटकात."

दोन्ही कानांत गुलाल होता. बेंबीत गुलाल होता. निथळणाऱ्या केसांतनं नाकाच्या शेंड्यावर गुलाबी थेंब येऊन लोंबत होता, आणि तो माणूस सांगत होता, आमच्यात जोतिबाच न्हाय. ज्याचं नावच देवाच्या नावावरनं ठेवलेलं तो जोतीराम शेजारी उभा होता. तो म्हणाला, व्हय की, न्हायच. जावईबापू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

चिमणाबाईनं छत्रीखालनं हे ऐकलं. तिला आधी राग आला नाही, भीती वाटली. सकाळीच ज्या पायांवर पोरगं घातलं ते पाय अजून डोळ्यांसमोर होते. जिन्यातले शब्द याच तोंडातनं आले होते आणि आता हेही त्याच तोंडातनं. देव कुठले शब्द धरणार? तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि तापल्या फरशीवरनं चालत माणसांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"साहेब, गुलाल आमचा हाय," ती म्हणाली. "जोतिबाचा हाय. ह्या पोराच्या नवसाचा हाय. सकाळी ह्येनीच आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर घातलाय."

मग काठावरची एक म्हातारी हसली, आणि तिच्या मागं सगळीच हसायला लागली. हंबीररावांचं लोकांनी आजवर ऐकून घेतलं होतं, घाबरून मान दिला होता, मागनं शिव्या दिल्या होत्या. पण तोंडावर, चव्वेचाळीस नंबरच्या चड्डीत, असं कुणी हसलं नव्हतं. मॅनेजरनं हत्तीकडं बोट केलं. दहाही जण आल्या वाटेनं हत्तीच्या पोटातनं बाहेर पडले.

गाडीत बसल्यावर हंबीररावांना आवाज सापडला. शिरोली येईपर्यंत तो थांबला नाही. नवऱ्याची अब्रू वेशीला टांगली, म्हणाले. शाहूवाडीचं रानटी खोड, म्हणाले. चार माणसांत बाईनं तोंड उघडायचं काय कारण, मी सावरत होतो की. मीनाबाईनं मध्ये एकदा म्हणून बघितलं, जाऊ दे की भावजी, झालं ते झालं, तर तिलाही बोलणी बसली. निशा रडत होती. चिमणाबाई खिडकीबाहेर बघत बसली होती. खेटे घालून परतलेली माणसं आता वडापच्या गाड्यांतनं, सायकलीवरनं घरांकडं चालली होती, आणि त्यांच्या कपाळावर गुलालाची नुसती एक रेघ होती.

गाडी राजारामपुरीकडं वळायच्या आधी तिनं कृष्णातला सांगितलं, घाटावर घे. पंचगंगेच्या. कृष्णातनं आरशातनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि हंबीररावांना न विचारता चाक फिरवलं.

घाटावर ती उतरली. पोरगं निशाकडं दिलं. एक वाजून गेला होता, ऊन डोक्यावर होतं.

"काय करायलीयस?" हंबीररावांनी गाडीतनंच विचारलं.

"पाचवा राह्यलाय."

"आन सकाळी काय केलं मग?"

"सकाळी देव बघितला. खेटा न्हाय झाला."

निशा म्हणाली, मी येते. चिमणाबाईनं तिला पोराच्या दुधाची आठवण करून दिली. जावईबापूंनी बुटाच्या नाडीला हात घातला, सासऱ्यांकडं बघितलं, आणि नाडी पुन्हा घट्ट केली. हंबीरराव म्हणाले, उनाचं एकटी बाई रस्त्यानं चाललेली बघून लोक काय म्हणतील, चौगल्यांची बायको म्हणून?

"लोकांनी विचारलं तर सांगा की," चिमणाबाई म्हणाली, "आमची न्हाय म्हणून."

आणि ती पायऱ्या उतरून नदीत गेली. बुडी मारली. सकाळचा गुलाल केसांतनं सुटला आणि पाण्याबरोबर खाली गेला. पंचगंगेनं त्याचा गवगवा केला नाही.

ती वाट तिनं चार वेळा चालली होती, पण पहाटेच्या गारव्यात, बायकांच्या घोळक्यात. आज सगळं जग उतरत होतं आणि ती एकटी चढत होती. वडणग्याजवळ कुणीतरी म्हणालं, मावशी, उलटी कुठं, आता दर्शन संपलं. तिनं नुसतं हसून दाखवलं. पार्कातल्या फरशीनं भाजलेल्या तळव्यांवर निगव्यापर्यंत फोड आले आणि कुशिऱ्याच्या पुढं फुटले. गायमुखाला तिनं पाणी पिलं, पदर ओला करून डोक्यावर घेतला. डोंगर चढताना चार पावलं टाकायची, थांबायचं, नाव घ्यायचं, पुन्हा चार पावलं.

दिवस बुडता बुडता ती देवासमोर उभी राहिली. गर्दी नव्हती. गुरव दिवे लावत होता.

आजवरच्या प्रत्येक खेट्याला, प्रत्येक रविवारी, तीस वर्षांतल्या प्रत्येक नमस्काराला ती शेवटी एक वाक्य म्हणत आली होती, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस देवा, पोटात घे. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. आणि ते तिनं म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, की नवस माझा धर. ते बोलले ते सोडून दे. पोरगं माझं, चाललेलीही मी. अर्धं नको, सगळं माझ्या नावावर घे.

मग तिनं कपाळ उंबऱ्याला टेकवलं. गुरवानं विचारलं, गुलाल लावू का मावशी, तर ती म्हणाली, चिमूटभर.

एसटीनं ती घरी पोचली तेव्हा सोप्यात माणसं बसली होती. पाच खेटे पुरे केलेल्या माणसाच्या पाया पडायला गल्ली आली होती. हंबीरराव खुर्चीत, नवा शर्ट, नवं उपरणं, घरच्या डब्यातला ताजा गुलाल भुवयांपर्यंत. शेजारी जोतीराम. पाचवा खेटा सगळ्यात कठीण गेला, असं ते सांगत होते. ऊन काय, फरशी काय, पायाची नुसती लाही झाली. नारळवाल्या बाळाबाईनं वाकून पदर त्यांच्या पायाला लावला. त्यांनी दोन्ही पाय पुढं केले होते. गोरे, मऊ, फोड म्हणून एक नाही. गुलाल तेवढा तळव्यांनाही लावायला ते विसरले नव्हते.

चिमणाबाई भिंतीचा आधार घेत त्यांच्या मागनं स्वयंपाकघरात गेली. आठ दिवसांपूर्वी हे असलं ऐकून ती हातातलं काम टाकून उठली असती. तिनं देवघरापुढं धावत जाऊन हात जोडले असते. आज तिनं तांदूळ धुतले, चुलीवर आधण ठेवलं आणि पाय पसरून जमिनीवर बसली. बाहेर हंबीरराव आता गायमुखाची चढण सांगत होते, हात वर करून, मोठ्यानं. सांगू देत. कितीही सांगू देत. त्या तोंडाला आता कुणाचा जीव टांगलेला नव्हता.